रॉकेटाआधी मैदानाची शिस्त आणावी

महोदय,

शाळांच्या विज्ञान शिबिरांत आणि उन्हाळी कार्यशाळांत छोटी रॉकेटे उडवण्याचा उपक्रम आपल्याकडेही रुजू पाहत आहे, याचा एक निवृत्त विज्ञानशिक्षक म्हणून मला आनंदच आहे. मात्र आयोजकांनी अमेरिकेतील हौशी रॉकेट क्लबांचा उड्डाणाचा दिवस कसा पार पडतो हे नीट पाहावे आणि तिथून रॉकेटाच्या आराखड्याआधी मैदानावरची शिस्त उचलावी, एवढ्यासाठी हे पत्र.

हा छंद तिकडे अपघातांतून शहाणपण घेतच आकाराला आला. घरच्या घरी रसायने कालवून धातूच्या नळीत ठासणारी मुले जखमी होत असत. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक गावचे पादत्राणांचे दुकानदार ऑरव्हिल कार्लाइल यांनी १९५४ मध्ये कागदी नळीचे, पॅराशूटने उतरणारे आणि पुन्हा उडवता येणारे रॉकेट बनवले. क्षेपणास्त्र चाचण्यांच्या क्षेत्रात काम केलेले अभियंते जी. हॅरी स्टाइन यांनी त्याचे मोल ओळखले आणि १९५७ मध्ये या हौशी मंडळींची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. छोट्या रॉकेटांपुरता तिचा मूळ दंडक असा, की इंधन स्वतः कालवायचे नाही. कारखान्यात तयार झालेली, प्रमाणित मोटरच, म्हणजे घन इंधन भरलेली नळीच, वापरायची. त्या मोटरवरचा ‘सी६-५’ हा शिक्काही वाचण्यासारखा असतो. ‘सी’ म्हणजे एकूण आवेग (रेटा गुणिले तो टिकणारा वेळ) १० न्यूटन-सेकंदांपर्यंत, ६ म्हणजे सरासरी रेटा ६ न्यूटन आणि ५ म्हणजे इंधन जळून संपल्यावर पॅराशूट बाहेर फेकले जाईपर्यंतचे सेकंद. पुढच्या प्रत्येक अक्षराला आवेगाची कमाल मर्यादा दुप्पट होते. आवेगाचा धडा शिकवायला याहून चांगले साधन मला तरी ठाऊक नाही.

प्रत्यक्ष उड्डाणाच्या दिवशी मैदानावर शब्द चालतो तो सुरक्षा अधिकाऱ्याचा. पंख घट्ट चिकटलेले आहेत का, पॅराशूट मोकळे सुटते का, गुरुत्वमध्य पुरेसा पुढे आहे का, हे पाहून तो नाही म्हणाला, तर रॉकेट कितीही मेहनतीने केलेले असले तरी उडत नाही. प्रज्वलन विजेच्या तारेने, दुरूनच होते: ‘डी’पर्यंतच्या मोटरला किमान १५ फूट आणि त्याहून मोठ्या मॉडेल रॉकेटांना ३० फूट. वारा ताशी सुमारे ३२ किलोमीटरच्या वर गेला की उड्डाण बंद. लाँचपॅडभोवतीचे वाळलेले गवत आधीच काढलेले असते, आणि विजेच्या तारांत अडकलेले रॉकेट काढायला कोणी जात नाही. मोठ्या आवाजात उलटी मोजणी होते. मोटर पेटली नाही, तर प्रज्वलनाच्या उपकरणाची सुरक्षा किल्ली काढून ६० सेकंद कोणीही जवळ जायचे नाही. दिवाळीत न उडालेल्या बाणाची वात पाहायला लगेच वाकणाऱ्या आपल्या समाजाला हा एक नियम जरी पचला तरी पुष्कळ झाले. ‘एच’ आणि त्यापुढच्या शक्तिशाली मोटरी तर जाणत्या सभासदांसमोर रॉकेट उडवून ते धड परत आणून दाखवल्यावर, म्हणजे प्रमाणपत्र मिळाल्यावरच हाती येतात.

आपल्याकडे सुरुवात पाण्याच्या रॉकेटने करता येईल. शीतपेयाची बाटली, सायकलचा पंप आणि थोडे पाणी एवढ्यावर न्यूटनचा तिसरा नियम दिसतो आणि स्फोटकांचा प्रश्नच येत नाही. पण दाबाखालची बाटली फुटू शकते, म्हणून अंतर, चष्मा, मोजणी आणि नकार देण्याचा अधिकार असलेला एक जबाबदार माणूस तिथेही हवाच. काही शिबिरांत हे काम छायाचित्र काढण्यात गुंतलेल्या शिक्षकावर सोडलेले मी पाहिले आहे.

इंधनाच्या रॉकेटांची गोष्ट वेगळी. त्यांच्या मोटरींत स्फोटक द्रव्य असते आणि आपल्याकडे स्फोटकांचा कायदा १८८४ पासून आहे. त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. कोणत्या मोटरी चालतील, परवानगी कोणाकडे मागायची आणि मैदान केवढे हवे, हे मुख्याध्यापकांना समजेल अशा मराठीत या संघटनेने लिहून द्यावे आणि शिक्षण विभागाने ते पत्रक पुढच्या उन्हाळी सुट्टीआधी शाळांकडे पोहोचवावे, ही विनंती. तोवर पालकांनी शिबिराचे शुल्क भरण्यापूर्वी मोटर कुठून आणली आणि सुरक्षा अधिकारी कोण, हे दोन प्रश्न आयोजकांना जरूर विचारावेत.

आपला,
एक निवृत्त विज्ञानशिक्षक, नाशिक