शेवट गोड झाला तर बिघडलं कुठे?

संपादक महोदय,

समलिंगी प्रेमावरच्या कादंबरीचा शेवट गोड झाला की ‘हे काही खरं वाटत नाही’ अशी तक्रार वाचकांकडून हमखास येते. मला ती पटत नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी ‘मॉरिस’ ही कादंबरी १९१३-१४ मध्ये लिहिली. त्यातल्या दोन पुरुषांना शेवटी सुखात ठेवायचंच, हा त्यांचा हट्ट होता. इंग्लंडमध्ये तेव्हा असे संबंध गुन्हा होते. कायदा शिथिल झाला १९६७ मध्ये. पुस्तक आलं ते १९७१ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर. दोघांपैकी एकाला फासावर लटकवलं असतं, तर हस्तलिखित कदाचित एवढी वर्षं कपाटात पडून राहिलं नसतं!

समलिंगी व्यक्तींच्या आत्मकथनांचं दुखणं निराळं. त्यांना ‘धाडसी’ म्हणायचं की आपण मोकळे. (मीही हे केलंय.) भाषा कशी आहे, घरच्यांशी झालेलं भांडण लिहिताना लेखकाने स्वतःला कुठे झाकलंय, जोडीदाराची बाजू येते का, याबद्दल अवाक्षर नाही. इतर कुणाच्या आत्मचरित्राला आपण इतक्या स्वस्तात सोडत नाही.

– एक वाचक