कालनिर्णय बेडरूममध्ये कसं गेलं?

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर आई बोलत होती आणि माझं लक्ष मागच्या भिंतीवर. कालनिर्णय बेडरूममध्ये कसं काय आलं? मग त्याच्या खालून डोकावणारा पोपडा दिसला. बाबा, मी प्रगतिपुस्तक दप्तरात दडवायचे तेव्हा तुम्हाला कळायचंच ना?

रामबागेतलं घर विकायला मीच मागे लागले होते. आईचे गुडघे, तो जिना, लिफ्ट हवी, सगळं खरं होतं. तरी ती ओल पाहिल्यापासून झोप नाही. म्हणून रागावू नका, पण बिल्डरला लेखी नोटीस मी गुरुवारी स्पीड पोस्टानं पाठवली. फ्लॅटवर माझंही नाव आहे, सही माझीच आहे.

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये," हे ऐकू आलं मला. पण आपण कोर्टात जात नाही आहोत. 2016 च्या रेरा कायद्याचं, म्हणजे घर घेणाऱ्यांना बिल्डरपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम 14 सांगतं की ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवला, तर बिल्डरनं तीस दिवसांत, एक पैसा न घेता तो दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई. आपला ताबा 2023 च्या दसऱ्याचा. म्हणजे साइटवरच्या माणसाचं ते "अंकलजी, एक साल की गारंटी थी" विसरा. करारातल्या एका ओळीनं हा हक्क बुडत नाही. महिन्यात हलले नाहीत तर भोपाळला रेरा प्राधिकरणाकडे तक्रार करीन. ती ऑनलाइन भरता येते, तुम्हाला खेटे घालायचे नाहीत.

रामबागेतही गळायचंच म्हणा. आई पातेली मांडायची आणि मी टपटप मोजत झोपून जायचे. पण ते आजोबांच्या वेळचं घर होतं. याला तर तीन पावसाळेही झाले नव्हते तेव्हाच ओल आली.

आता ऐका. रंगारी पाठवला तर आत घेऊ नका. वरून रंग फासला की पुरावा गेला. आधी भिंतीचे फोटो, तारखेसकट, मला पाठवा. "काम झालं, तक्रार नाही" अशा कागदावर सही करायची नाही, बाबा, माणूस कितीही गोड बोलला तरी. तुम्ही चहा पाजता आणि सही करून मोकळे होता, मला माहीत आहे.

तोवर दोघं पुढच्या खोलीत झोपा. दिवाणावर आईची गादी टाका. बाबांच्या रात्रीच्या खोकल्याला त्या खोलीतली ओल चांगली नाही. पंप उशाशीच हवा, कपाटात नको. पुढच्या शनिवारी मी येतेय, तेव्हा डॉक्टरांकडेही जाऊ. पोहे घरचेच कर गं आई, बाहेरून आणू नकोस.

तुमची,
मनू

ता.क. कालनिर्णय परत स्वयंपाकघरात लावा. आईला एकादशी बघायला बेडरूमपर्यंत जावं लागतं.