सुकाणू दोघांनाही यायला हवे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नवरा-बायकोने मोटरबोट घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने, मग खाडीतून नद्या-कालव्यांत शिरून आठवडेच्या आठवडे भटकायचे, अशा प्रवासाची वर्णने हल्ली पुरवण्यांमधून वरचेवर येतात. सूर्यास्त असतो, पक्षी असतात, धक्क्यावरचे जेवणही असते. बोट कोण चालवत होते, हे मात्र कुठे लिहिलेले नसते. बहुतेक जोडप्यांत एकजण चालवतो आणि दुसरे माणूस दोर धरते, चहा करते. चारजणांच्या बोटीवर ही वाटणी खपून जाते, दोघांच्या बोटीवर नाही. चालवणारा पाण्यात पडला, की बोटीवर उरते ते ती थांबवताही न येणारे माणूस.

म्हणून पहिला सराव पडलेल्याला परत आणण्याचाच, आणि तो कमी अनुभव असलेल्याने करायचा. शांत पाण्यात एक जुना फेंडर, म्हणजे बोट धक्क्यावर घासू नये म्हणून कडेला लटकवतात ती फुगीर गादी, माणूस समजून फेकावा आणि तो एकट्याने परत आणावा. क्रम असा: आधी गिअर न्यूट्रलमध्ये, कारण बोटीखालचा पंखा फिरतोय तोवर पडलेल्याला बोटीपासूनच धोका असतो. मग तरंगते कडे फेकायचे, नकाशाच्या यंत्रावरचे ‘एमओबी’ (मॅन ओव्हरबोर्ड, माणूस पाण्यात) बटण दाबून जागा नोंदवायची आणि वळताना नजर त्या डोक्यावरून काढायची नाही. लाटांमध्ये डोके नारळाएवढेच दिसते, एकदा नजर हटली की पुन्हा सापडणे कठीण. वाऱ्याकडे तोंड करून हळू जवळ जायचे, माणूस सुकाणूच्या बाजूला ठेवायचा, बोटीच्या लांबीइतके अंतर उरले की न्यूट्रल आणि बाजूला आल्यावर इंजिन बंद. खरी अडचण पुढेच येते. भिजलेल्या कपड्यांतले मोठे माणूस एकट्याने ओढून वर घेता येत नाही. शिडीच्या किमान दोन-तीन पायऱ्या पाण्याखाली जायला हव्यात आणि ती पाण्यातल्या माणसाला स्वतः खाली ओढता यायला हवी. अनेक बोटींवर ती वरूनच अडकवलेली असते. तसे असेल, तर कठड्याच्या क्लीटला, म्हणजे दोर अडकवायच्या खुंटीला, दोराचा फास बांधून तो पायात अडकवण्याजोगा सोडावा.

मदत मागण्याचेही तसेच. व्हीएचएफ या बोटीवरच्या रेडिओचे १६ क्रमांकाचे, संकटाच्या हाकेचे चॅनेल दोघांना पाठ हवे. तीनदा ‘मेडे’ ही जीवघेण्या संकटाची हाक, बोटीचे नाव, ठिकाण, काय झाले, किती माणसे, एवढे आणि याच क्रमाने. हा मजकूर कागदावर लिहून रेडिओशेजारी चिकटवावा, घाबरलेल्या माणसाला वाक्य सुचत नाही. झाकणाखालचे लाल बटण काही सेकंद दाबून ठेवले की संकटसंदेश आपोआप जातो, पण रेडिओत बोटीचा क्रमांक भरलेला असेल आणि जीपीएस जोडलेले असेल, तरच त्यातून बोटीची ओळख आणि ठिकाण कळते. मोबाइल हा पर्याय नव्हे. फोन एकालाच लागतो, रेडिओ जवळच्या सगळ्या बोटी ऐकतात.

आता इंजिनाकडे. नदी-कालव्यातून समुद्रात बाहेर पडताना डिझेल इंजिने नेमकी खाडीच्या मुखाशी का बंद पडतात, याचे उत्तर टाकीच्या तळाशी असते. आतल्या संथ पाण्यात टाकीतले पाणी आणि गाळ खाली निवांत बसून राहतो. मुखाशी बोट डोलायला लागली की तो ढवळतो, फिल्टर तुंबतो आणि इंधनाअभावी इंजिनाचा जीव जातो. तेही कुठे, तर जिथे लाटा फुटतात तिथे. तेव्हा बाहेर पडण्याच्या आदल्या दिवशी पहिल्या फिल्टरच्या काचेच्या वाटीत पाणी दिसते का ते पाहावे आणि खालच्या स्क्रूने ते काढून टाकावे. दोन जादा फिल्टर जवळ ठेवावेत. फिल्टर बदलल्यावर इंधनाच्या वाटेत हवा राहते. पुष्कळ इंजिनांत ती हाताने काढावी लागते: ब्लीड स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचा, बुडबुडे थांबून नुसते डिझेल यायला लागले की स्क्रू आवळायचा. हे काम हातात बसले तर दहा मिनिटांचे, नाही तर दिवसभराचे.

उलट, आतल्या पाण्यात शत्रू म्हणजे शेवाळ आणि प्लास्टिकच्या पिशव्या. थंड करणारे पाणी ज्या जाळीतून येते ती तुंबते, ते पाणी खेचणाऱ्या पंपातले रबरी चाक, म्हणजे इम्पेलर, कोरडा फिरतो आणि बघता बघता त्याच्या पाकळ्या तुटतात. नवा इम्पेलर बसवून काम संपत नाही. तुटलेले तुकडे मोजून जुळवावेत, कारण हरवलेला तुकडा पुढे इंजिनाची उष्णता काढून घेणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेला असतो आणि इंजिन पुन्हा तापते. जाळी साफ करताना बाहेरचे पाणी आत घेणारा तळाचा कॉक (तोटी) आधी बंद करावा आणि नंतर आठवणीने उघडावा. इंजिनाची किल्ली त्या कॉकलाच अडकवून ठेवली तर विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. इंजिन सुरू झाल्यावर एक्झॉस्टमधून पाणी पडते का, हे प्रत्येक वेळी पाहायचे. पेट्रोल इंजिन असेल तर सुरू करण्याआधी इंजिनाच्या कप्प्यातली हवा बाहेर काढणारा ब्लोअर किमान ४ मिनिटे चालवावा, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचून राहते.

इंधनाचा हिशोब मैलांवर करू नये, तासांवर करावा. बोटीचा वेग ६ नॉट (तासाला ६ सागरी मैल), प्रवाह ३ नॉट आणि अंतर १८ सागरी मैल धरा. प्रवाह सोबत असेल तर २ तास, समोरून असेल तर ६. तासाला ५ लिटर पिणारे इंजिन एकीकडे १० लिटर घेते, दुसरीकडे ३०. अंतर तेच! एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश हात न लावता शिल्लक, हा जुना नियम म्हणूनच टिकून आहे.

मुखाशी वाळूचा दांडा असेल तर ओहोटीच्या जोरात तो ओलांडू नये. बाहेर धावणारे पाणी आत येणाऱ्या लाटांवर आदळते, लाटा उभ्या होतात आणि फुटतात. भरती संपत आलेली असताना किंवा पाणी थबकलेले असताना जावे. समुद्राकडून येणाऱ्याची आणखी एक फसगत होते: त्याला लाटांची पाठ दिसते, फुटणारे तोंड दिसत नाही. पाठीवरून लाट नेहमीच लहान वाटते. शंका आली तर बाहेर खोल पाण्यात थांबावे.

रुतण्याचा हिशोबही दोघांना यावा. भरती-ओहोटीतला फरक ३.६ मीटर असेल, तर सहा तासांत पाणी ढोबळमानाने १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या हिश्श्यांनी उतरते. मधल्या दोन तासांत ताशी ९० सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला दीड सेंटिमीटर. ओहोटीच्या मध्यावर बोट वाळूवर टेकली तर चर्चेला वेळ नसतो. लगेच, आल्या वाटेने, रिव्हर्समध्ये मागे यावे. नंतर जाळी तपासावी, वाळू आत गेलेली असते.

नांगर टाकताना खोली मोजतात ती चुकीची. यंत्र त्या क्षणाची खोली सांगते. ती ३ मीटर असेल, पाणी अजून २ मीटर चढणार असेल आणि नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची १ मीटर असेल, तर हिशोब ६ मीटरचा. साखळी त्याच्या पाचपट म्हणजे ३० मीटर, दोर असेल तर सातपट म्हणजे ४२ मीटर. ओढ आडवी असेल तोवरच नांगर धरतो, दोर आखूड पडला की तो उचकटला जातो. इथे आमचे एक ठाम मत आहे: अंगात जास्त जोर असलेल्याने पुढे नांगराशी उभे राहावे आणि सुकाणू दुसऱ्याकडे द्यावे. सुकाणूला जोर लागत नाही. धक्क्याधक्क्यावर दिसते ते नेमके उलटे, वर आरडाओरडा. इंजिनाच्या आवाजात पुढचे मागे ऐकू येत नाही, म्हणून पुढे, मागे, न्यूट्रल आणि थांब, एवढ्या चार हातखुणा निघण्यापूर्वीच ठरवाव्यात.

कालव्याच्या लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून वा सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या दोन दरवाज्यांमधल्या हौदात, पाणी उतरत असताना दोर गाठ मारून कधीही बांधू नये. पाणी खाली जाते, बोट दोराला लटकते आणि ताणलेली गाठ सुटत नाही. दोर काठावरच्या बॉलार्डभोवती (जाड खुंटाभोवती) घालून टोक परत हातात घ्यावे व हळूहळू सोडत जावे, चाकू हाताशी ठेवावा. उतरताना मागचा भाग वरच्या दरवाज्याजवळच्या दगडी उंबऱ्यावर टेकणार नाही, इतके पुढे राहावे. उंबऱ्याची खूण सहसा भिंतीवर रंगवलेली असते. भिंत आणि बोट यांच्यामध्ये हातपाय घालायचे नाहीत, त्यासाठी फेंडर आहेत.

खाऱ्या आणि गोड्या, दोन्ही पाण्यांत फिरणाऱ्यांसाठी एक किरकोळ वाटणारी गोष्ट. तळाचे धातू गंजू नयेत म्हणून जे अ‍ॅनोड बसवतात, त्यांतला जस्ताचा अ‍ॅनोड गोड्या पाण्यात थर चढून निकामी होतो. मॅग्नेशियमचा समुद्रात भराभर झिजून जातो. दोन्हीकडे जायचे असेल तर अ‍ॅल्युमिनियमचे बसवावेत. ते निम्मे झिजले की बदलावेत आणि त्यांच्यावर रंग लावू नये, रंगवलेला अ‍ॅनोड काम करत नाही.

कळावे,
मोटरबोट चालवायला शिकवणारे दोघे