पाणी तपासले, गाळ कधी तपासणार?

मा. पर्यावरण मंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यानंतर एक अधिकारी ठाणे खाडीकाठच्या आमच्या कोळीवाड्यात आले होते. ओहोटीला माझी आई त्यांच्यासाठी गुडघाभर चिखलात उतरली, कोपरापर्यंत हात घालून तिने तळचा काळा गाळ काढला आणि त्यांच्या पिशवीत भरला. तीन महिन्यांत अहवाल देण्याचा शब्द त्यांनी तिला दिला. वर्ष उलटल्यावर परवा माहिती अधिकारात उत्तर मिळाले की, पाण्याचे नमुने मर्यादेत आहेत. त्या पिशवीचा उल्लेखही नाही.

महोदय, आम्ही पाण्याविषयी विचारलेच नव्हते. पाणी भरतीला येते आणि ओहोटीला जाते. साठच्या दशकापासून वाढलेल्या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातून आणि शहरांच्या नाल्यांतून येणारे शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे धातू मात्र मातीच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतात. धातू कुजत नाही. प्राणवायू नसलेल्या गाळात तो बराचसा गंधकाशी बांधलेला राहतो, पण गाळ उपसला किंवा ढवळला की पुन्हा पाण्यात सुटू शकतो. पाऱ्याचे तर गाळातले जिवाणूच मिथाइल पारा हे अधिक विषारी रूप करतात आणि तो मासळीतून माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचतो.

मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने आईच्या पाटीतली बोय मासळी परत केली, रॉकेलचा वास येतो म्हणून. आई काही बोलली नाही; घरी येऊन तिने पाटी तीनदा धुतली. तो वास निदान नाकाला कळतो, धातूला ना वास ना चव. शिवल्या, निवट्या, चिंबोऱ्या याच चिखलात वाढतात आणि जे विकले जात नाही ते आमच्याच चुलीवर शिजते. माझ्या भावजयीला सातवा महिना आहे. तिने शिवल्यांचे कालवण खावे की नाही, हे मी कोणाला विचारू?

जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली पाऱ्याच्या विषबाधेचे रुग्ण अधिकृतपणे नोंदले गेले, तरी कारखान्याचे सांडपाणी १९६८ पर्यंत वाहतच राहिले. आईच्या पोटातल्या बाळांनाही त्या विषाने सोडले नाही. त्याच गावाच्या नावाचा, पाऱ्याला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१८ मध्ये मान्य केला. मग आमच्या गाळातला पारा मोजायला अडचण कसली आहे?

२०१५ मध्ये येथे फ्लेमिंगो अभयारण्य झाले, २०२२ मध्ये खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरली. पक्ष्यांना संरक्षण मिळाले याचा आम्हाला आनंद आहे, पण त्याच चिखलात पिढ्यान्‌पिढ्या उतरणारी माणसे तुमच्या कोणत्या फायलीत आहेत? जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा आहे. तेव्हापासून समुद्राच्या पाण्याचे निकष ठरले, समित्या नेमल्या गेल्या, नमुने नेले गेले. आणि नाल्याला रात्री रंग आला तर त्याचा पुरावाही आम्हीच आणायचा. कारखान्याला मुदतवाढ मिळते, आमच्या जाळ्याला मिळत नाही. ही सारी व्यवस्थाच आम्हाला थकवून गप्प करण्यासाठी चालते, असे आता मला वाटू लागले आहे.

गाळाचे नमुने थरांनुसार घ्या, शिवल्या आणि मासळीही तपासा, कोळीवाड्यातील गरोदर स्त्रियांच्या केसांतला पारा मोजा आणि आकडे मराठीत जेटीवर लावा. ते होईपर्यंत खाडीत गाळ उपसण्याची परवानगी देऊ नका. नमुना घ्यायला पुन्हा कोणी आले तर गाळ काढून द्यायला आई तयार आहे. या वेळी पिशवीवर तारीख आणि जागा लिहून त्याची सहीची पावती तिला हवी आहे.

आपली,
खाडीकाठची एक कोळी लेक