विषय: फर्मवेअरमधला बिल्डचा टाइम काढून टाकण्याबाबत

नमस्कार सर,

मी भुसावळहून लिहितोय. रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांना ड्रिपचे कंट्रोलर बसवून देतो, त्यात तीन वर्षांपासून तुमचंच फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलर चालवणारं सॉफ्टवेअर, आहे. सोर्स (मूळ कोड) सोबत देता म्हणूनच तुमचं घेतलं होतं.

मागच्या महिन्यात एका शेतकऱ्याचा व्हॉल्व्ह रात्री उघडलाच नाही. आमच्याकडे शेतीची लाइट बऱ्याचदा रात्रीचीच असते, तेवढ्या तासांत पाणी गेलं नाही तर या उन्हात केळीची पानं करपतात, आणि फोन मला येतो, तुम्हाला नाही. मी व्हॉल्व्हचा कोड वाचला, बरोबर वाटला, मग डिव्हाइसमध्ये हाच कोड आहे का बघायला स्वतः बिल्ड केलं, म्हणजे सोर्सपासून डिव्हाइसची फाइल बनवली, तर तिचा हॅश (फाइलच्या मजकुरातून निघणारा, ठशासारखा आकडा) तुमच्या फाइलशी जुळेना. दोन मिनिटांनी त्याच मशीनवर परत केलं तर माझेच दोन हॅश वेगळे! दोन फाइलींतला फरक दाखवणारं डिफोस्कोप लावून बसलो. व्हर्जनच्या स्ट्रिंगमध्ये डेट आणि टाइमचे मॅक्रो (बिल्डची वेळ आपोआप भरणारे शब्द), लायब्ररीच्या आर्काइव्हमध्ये प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलची वेळ, जीझिपने दाबलेल्या फाइलच्या हेडरमधले वेळेचे ४ बाइट. बाकी सगळं सेम. दोष शेवटी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या सोलेनॉइडच्या कॉइलमध्ये निघाला, पण तिथे पोचायला माझ्या तीन रात्री गेल्या आणि तोवर त्या माणसाची बाग सुकत होती. हॅश जुळला असता तर पहिल्याच दिवशी कॉइल उघडली असती.

तुमचा सपोर्टवाला म्हणाला, वेळ बदलली की हॅश बदलतो, नॉर्मल आहे. सर, नॉर्मल नाही हे. २०२० मध्ये सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरण झालं त्यात बिल्ड होताना मध्येच कोड घुसवला होता, सोर्स बघून कोणाला काहीच कळलं नसतं. मग मी नुसता सोर्स वाचून काय करू?

आणि काम फार मोठं नाही. डेबियन लिनक्सवाले २०१३ पासून एकाच सोर्सचा हॅश दर वेळी तोच यावा यामागे लागलेत, मार्ग तयार आहे. सोर्स डेट ईपॉक व्हेरिएबलमध्ये शेवटच्या गिट कमिटची (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाची) वेळ द्या, जीसीसी कंपायलरच्या ७ व्हर्जनपासून ते दोन्ही मॅक्रो तीच वेळ घेतात. मॅक्रो काढूनच टाकले तर अजून बरं, व्हर्जनला कमिट नंबर पुरतो. आर्काइव्ह बनवताना एआर कमांडला डी फ्लॅग, जीझिपला मायनस एन द्या, म्हणजे त्यांत वेळ जात नाही. कंपायलरचं नेमकं व्हर्जनही रिलीजसोबत लिहा, नाहीतर वेळ काढूनही हॅश जुळणार नाही.

पुढच्या रिलीजमध्ये हे करणार का नाही ते १५ दिवसांत लेखी कळवा. तोपर्यंत नवीन अपडेट मी कोणाच्याच शेतात टाकणार नाही.

आपला ग्राहक,
भुसावळ, जि. जळगाव