अनुदान मागाहून, सिमेंट आधी

संपादक महोदय,
स.न.

झोपडपट्टीतील घरकुले स्वयंसेवी संस्थांना सोबत घेऊन बांधावीत, असे प्रत्येक नव्या योजनेच्या वेळी म्हटले जाते. संस्था कोणती, यावर खल होतो. तिचे बिल किती दिवसांत निघेल, यावर कोणी बोलत नाही. काम अडते ते नेमके तिथे.

पुण्यातील येरवड्याचे उदाहरण घ्या. नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातील (२००५) बीएसयूपी (शहरी गरिबांसाठी मूलभूत सेवा) घटकाखाली तिथे कच्ची घरे पाडून त्याच जागी २७० चौरस फुटांची पक्की घरे झाली. स्पार्क ही स्वयंसेवी संस्था आणि महिला मिलन हे वस्तीतल्या बायकांच्या बचतगटांचे जाळे त्यात भागीदार होते. घरामागे खर्च धरला ३ लाख. पैकी ३० हजार कुटुंबाचे, उरलेले सरकार व महापालिकेचे. कागदावर हिशेब चोख. पण अशा कामात पैसे सुटतात ते झालेले काम मोजून त्याची मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्यावर. सळई आणि गवंडी तोवर थांबत नाहीत.

मधल्या काळासाठी बँक उभी करत नाही, कारण तारणच नसते: जमीन बहुधा सरकारी आणि घर अजून जोत्यावर. ही फट बुजवण्यासाठीच २००२ मध्ये ब्रिटन व स्वीडनच्या मदतीतून 'क्लिफ' निधी भारतात सुरू झाला. ५० घरांत घरटी १ लाख अडकले, तर वार्षिक १२ टक्के दराने महिन्याचे व्याज ५० हजार. बिल चार महिने रखडले की घरामागे ४ हजार गेले. अंदाजपत्रकात याला रकानाच नाही.

रकाना नसलेले खर्च आणखीही आहेत. दोन पक्क्या घरांमधले एकच झोपडे पाडले की शेजाऱ्याचा उथळ पाया उघडा पडतो. मग खोदाई तुकड्यातुकड्याने आणि भिंतीला टेकू देऊन करावी लागते. तीन फुटी बोळात टेम्पो जात नाही, वाळू घमेल्याने डोक्यावरून येते. झोपडे १५० चौरस फुटांचे असेल तर तळमजल्यावर आणखी एक मजला चढवावाच लागतो, आणि ३० चौरस फूट जिनाच खातो. शिवाय कुटुंबाचे तेवढ्या महिन्यांचे भाडे वेगळे. म्हणून लागून असलेली आठ-दहा घरे एकदम घ्यावीत: भिंती सामाईक होतात, माल एकत्र येतो. एकाने नकार दिला तर मात्र सगळा गट अडतो. तिथे अभियंत्याचे काही चालत नाही, वस्तीतल्या बचतगटाच्या बायकाच समजूत घालू जाणे.

पंतप्रधान आवास योजना (शहरी) २.० मध्ये स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख मिळतात, तेही टप्प्याटप्प्याने. जागा नावावर नसेल तर तेही नाहीत. तेव्हा जागेच्या हक्काचे पट्टेवाटप आधी, पाडकाम नंतर. संस्थेशी करार करताना महापालिकेने कामाच्या १५ टक्के रक्कम आगाऊ द्यावी, आणि ती बँक हमीवर नव्हे तर जागेवर आलेल्या मालावर. बँक हमी मागितली की त्यासाठी पुन्हा ठेव अडकते! मोजमापानंतर १५ दिवसांत बिल, उशीर झाल्यास व्याज, आणि सळई-सिमेंटसाठी भाववाढीचे कलम करारात हवे. कुटुंबाचा हिस्सा पाडकामापूर्वी वेगळ्या खात्यात जमा करून घ्यावा. छप्पर गेल्यावर घरभाडे भरणाऱ्याकडून तो वसूल होत नाही.

— नागरी गृहनिर्माणात काम करणारे काही अभियंते व कार्यकर्ते, पुणे