हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील अपडेट सेवा डेटा संपवत असल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

सीताबर्डी, नागपूर येथील माझ्या करसल्लागार कार्यालयात आपले हिशेबाचे सॉफ्टवेअर चार संगणकांवर चालते. गेले दोन महिने आमची इंटरनेटची ५०० जीबीची मासिक मर्यादा १७ तारखेच्या आसपास संपते, वेग उतरतो आणि २० तारखेला जीएसटीआर-३ब हे जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरताना अशिलांना ताटकळत बसवावे लागते.

‘इंटरनेट कंपनीला विचारा’ असे सांगून आपल्या मदत केंद्राने माझी तक्रार दोनदा बंद केली. हे उत्तर मुळातच चुकीचे आहे. इंटरनेट कंपनीला किंवा राउटरला फक्त पत्ते आणि पोर्ट (जोडणीचे क्रमांक) दिसतात. ती जोडणी कोणत्या प्रोग्रॅमने उघडली, हे त्या संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमलाच ठाऊक असते. म्हणून रविवारी कार्यालय बंद असताना मी स्वतः शोध घेतला. स्विचमधून एकेक केबल काढत गेले, तेव्हा तीन संगणकांचे दिवे विझले आणि चौथ्याचा, म्हणजे सर्व्हरचा, दिवा मात्र लुकलुकत राहिला. त्या संगणकावर आपले सॉफ्टवेअर बंद होते. तरीही कोणता प्रोग्रॅम किती डेटा वापरतो हे दाखवणाऱ्या विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरच्या नेटवर्क टॅबमध्ये आपली अपडेट सेवा सर्वांत वर होती. उघड्या जोडण्यांची यादी देणाऱ्या नेटस्टॅट या आज्ञेने दाखवलेला पीआयडी (चालू प्रोग्रॅमचा क्रमांक) टास्क मॅनेजरमधील पीआयडीशी ताडून पाहिला, तोही तिचाच निघाला. ‘विंडोज अपडेट असेल’ ही आपल्या प्रतिनिधीची शंकाही टिकत नाही, कारण ते काम एसव्हीसीहोस्ट या विंडोजच्या सामायिक प्रोग्रॅमच्या नावाखाली दिसते आणि आपली सेवा स्वतःच्या नावाने चालते. सेवा थांबवली की वाहतूक थांबते, सुरू केली की पुन्हा सुरू होते. हे मी तीन वेळा करून पाहिले.

तात्पुरत्या फोल्डरमध्ये एकच फाइल सुमारे ९०० एमबीपर्यंत वाढते, नाहीशी होते आणि पुन्हा शून्यापासून उतरू लागते. एका फेरीला पाऊण तास लागतो, म्हणजे दिवसाला २८ जीबीहून अधिक डेटा वाया जातो. परवान्याची पडताळणी याच सेवेतून होत असल्याने ती कायमची बंदही ठेवता येत नाही.

याहून मोठी काळजी वेगळीच आहे. ही सेवा थोडा डेटा बाहेरही पाठवते. जोडणी कूटबद्ध असल्याने त्यात काय आहे ते मला दिसत नाही, आणि त्याच संगणकावर माझ्या अशिलांचे पॅन क्रमांक व बँक खात्यांचे तपशील आहेत. त्यांनी विश्वासाने सोपवलेल्या माहितीबद्दल त्यांना उत्तर देणे माझे कर्तव्य आहे.

म्हणून हा दोष पंधरा दिवसांत दुरुस्त करावा, बाहेर जाणाऱ्या माहितीचे स्वरूप लेखी कळवावे आणि दोन महिने घ्याव्या लागलेल्या जादा डेटाची रक्कम परत करावी, ही विनंती. अन्यथा मला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल. स्क्रीनची छायाचित्रे व देयके सोबत जोडली आहेत.

आपली विश्वासू,
परवानाधारक ग्राहक
सीताबर्डी, नागपूर